बाजेच्या दोरीचं दावं

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, याची आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वार्षिक अंकासाठी घरचं काहीतरी लिही, असं सरांनी म्हटलं आणि मला आमची बाज आठवली. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, वाळूजच्या एका सेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. खेप संपली की आपली बसायची गादी काखेत मारून घरी यायचे. पुढच्या वेळी सेठ कुठल्या गाडीवर बसवील, त्याचा भरवसा नसायचा. स्वतःची गाडी घ्यायचं त्यांनी सांगितलं, तेव्हा सेठ हसला. म्हणाला, "संक्रांतीपर्यंत तुझी जागा ठेवतो. नाय जमलं तर ये परत."

गाडी पिशोरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. त्याची मुलं शहरात नोकरीला लागली होती, चालवणारं कोणी उरलं नव्हतं. मीही आप्पांबरोबर गेलो होतो. म्हाताऱ्यानं किल्ली आप्पांच्या हातात ठेवली, बॉनेटवर हात फिरवला आणि मागं चढून माल बांधायचे रस्से गुंडाळू लागला. ताडपत्री मात्र तशीच ठेवली.

मी भीत भीत म्हणालो, "बाबा, रस्से गाडीबरोबरच असतेत ना?"

"लेकरा, बैल इकला तर दावं देतेत का?"

मला ती थट्टा वाटली. पण आप्पांनी मान हलवली. "बराबर हाय त्यांचं. दावं नेणाऱ्यानं आपल्या घरचं आणायचं." आमच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, दोन बैलही होते. ते आप्पांच्या अंगात अजून आहे.

"आप्पा, ट्रक हाय हा."

"मग? त्याला बी दाणापाणी लागतंच की."

त्या संध्याकाळी गारखेड्याच्या आमच्या खोलीवर आप्पा आले, ते गादी काखेत घेऊनच. माय पोट धरून हसली. "आता कुणाला भिता? ठिवा की गाडीत!" आप्पा लाजले आणि गादी परत ठेवून आले.

रस्से बाजारातून आणता आले असते, आणि आणलेही. पण एक तरी घरचा हवा, त्याशिवाय माल भरायचा नाही, असं आप्पांचं ठरलेलं. शहरातल्या एका खोलीत दोर कुठून आणायचा? मायनं इकडंतिकडं पाहिलं आणि आप्पांची बाज उलटी करून तिची दोरी सोडायला लागली.

"अगं, मग आप्पा निजतील कशावर?"

"गाडीत निजतेत की. सोताची हाय आता."

तीन पदर घेतले. मायनं एक टोक धरलं, दुसरं मी. मधे आप्पा पदर सारखे करत होते. माझा हात ढिला पडला की ओरडायचे, "पीळ दे, पीळ! कॉलेजात हेच शिकवतेत व्हय?" शेवटची गाठ त्यांनी मला मारायला लावली.

पहिला माल मक्याचा होता, पिशोरहून सुरतेला. ताडपत्रीच्या मागच्या कोपऱ्याला आप्पांनी घरचं दावं बांधलं, दोनदा ओढून पाहिलं आणि गाडी कन्नडच्या घाटाकडे निघाली. इकडे माय आणि मी घरीच होतो, दुपार कलली तशी अवकाळी पाऊस आला. वारा असा, की आमच्या गल्लीतले पत्रे वाजत होते.

मका भिजला तर व्यापारी घेणार नाही. मग पुन्हा माल कोण देणार? मग वाळूजचा सेठ, आणि काखेतली गादी. फोन आमच्याकडे नव्हता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा. मी येताजाता दुकानदाराकडे बघायचो, तो मान हलवायचा. बाजेचा रिकामा सांगाडा भिंतीला टेकून उभा होता. माय त्याच्यावर लुगडं वाळत घालायची.

एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "शेवटची गाठ कुणी मारली व्हती रं?"

"मी."

"मग सुटत नसती," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. मला तेवढी खात्री नव्हती. वर्गात बसल्याबसल्या मी वहीखाली रुमालाला तशीच गाठ मारून ओढून बघायचो.

मग एका दुपारी मी कॉलेजातून येत असताना दुकानदारानं लांबूनच हात केला.

"अरे कॉलेजवाल्या, कुठं फिरतो? तुझ्या वडलांचा फोन येऊन गेला, सुरतेहून. म्हणले, माल कोरडा उतरला. मागचं दावं टिकलं, असं मायला सांग म्हणले, आता ते काय मला कळलं नाय. कापडाचा माल भरून येतेत. आन् तुला वाळूजला जायला सांगितलंय. सेठला म्हणावं, माझी जागा दुसऱ्याला द्या."