फ्यूज खिशात

गुलाबचंद सेठची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा शालिकराम ओट्यावर बसून पंख्याची जळलेली मोटर नव्या तारेनं भरत होता. सेठ पायी आत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. गोळीबार चौकामागची ती कोष्ट्यांची गल्ली इतकी अरुंद, की दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या ओल्या, रंगवलेल्या सुताला खांदा न लावता चालायचं तर सवय लागते. सेठला ती नव्हती. पांढऱ्या सदऱ्यावर निळ्या रंगाचा पट्टा घेऊनच तो ओट्यापुढे उभा राहिला.

"शालिकराम, मिक्सर बंद पडला."

ना रामराम, ना पाय कसा आहे म्हणून विचारपूस. शालिकरामनं तांब्याची तार दातात धरली होती. ती त्यानं काढली नाही, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

"दोन मिस्त्री पाहून गेले. एक म्हणे मोटर गेली, दुसरा म्हणे गिअर गेला. पाइपाची मोठी ऑर्डर अडकून आहे. बाई-माणसं फाटकावर बसून आहेत. तू आधीसारखा येत जा. झालं गेलं सोड यार."

झालं गेलं म्हणजे शालिकरामच्या उजव्या पायाचा पंजा. तो आता जमिनीवर पूर्ण टेकत नसे.

"उद्या सांगतो," तार काढून तो म्हणाला.

"उद्या सांगू नको, उद्या ये." सेठ वळला आणि परतीच्या वाटेवर दुसरा खांदाही निळा करून गेला.

शालिकराम आयटीआय झालेला मिस्त्री. त्याच्या घरात मागावर न बसलेला पहिला पुरुष तोच. कोणाच्या हजेरीपटावर नाव नको म्हणून त्यानं मोकळं काम धरलं होतं. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून आज हिंगण्याला, उद्या कळमेश्वरला. हिंगण्याचा सेठचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना हे त्याचं सगळ्यांत मोठं आणि पक्कं काम होतं. तिथला मिक्सर म्हणजे पुरुषभर खोल लोखंडी कढईच. तिच्यात खडी, वाळू, सिमेंट घुसळणारी जाड पाती. दुरुस्तीला आत उतरायचं तर आधी बोर्डावरचे चिनी मातीचे पांढरे फ्यूज काढायचे आणि खिशात टाकायचे. हे त्याला आयटीआयमध्ये नव्हे, घरी शिकवलं होतं. त्याचे वडील नानाजी तुटलेला धागा सांधायला मागात हात घालत, तेव्हा आडवा धागा नेणारा धोटा कमरेला खोचून ठेवत. घरभर पोरं, कोण मागाच्या खड्ड्यात उतरून पायाखालची पावडी दाबेल याचा भरवसा नसे. धोटाच नाही म्हटल्यावर माग चालवायचा मोह कोणाला होणार?

वर्षापूर्वी पाय सापडला त्या दिवशीही फ्यूज शालिकरामच्या खिशात होते. तरी मिक्सर फिरला. अर्धाच फेरा, पण पात्यानं पाय कढईच्या भिंतीशी दाबून धरला. त्याला दवाखान्यात नेईपर्यंत बोर्ड कोणी पाहिला नाही आणि नंतर पाहिला तेव्हा तिथं फ्यूजच्या रिकाम्या जागांखेरीज काही नव्हतं. सेठनं सगळीकडे एकच सांगितलं: शालिकराम फ्यूज काढायला विसरला. खिशात फ्यूज सापडले त्याचं काय? गडबडीत मागून कोणीतरी टाकले असतील. हिंगण्यात हे असं पसरलं, की पुढं लोक त्याला बोलवेनासे झाले. स्वतःचाच पाय ज्याला सांभाळता आला नाही, तो आपली मशीन काय सांभाळणार? वर्षभरात त्याच्या ओट्यावर पंखे आणि पाण्याचे पंप तेवढे उरले.

सेठनं परत बोलावलं हे कळलं, तर हिंगण्यातली कामं पुन्हा मिळणार होती. आणि न जावं, तर विसरल्याचा शिक्का जन्मभराचा. पण जायचं कुठं? त्याच कढईत.

"तुम्ही जाऊन राहिले का जी?" रात्री त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, भाकरी थापता थापता विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"हत्यारं कोणी पुसली मंग? मी?"

शालिकरामनं पिशवी मागं सरकवली. पान्यांना तेल त्यानंच लावलं होतं.

"सेठ वाईट नाही," तो म्हणाला. "दवाखान्यात आला होता."

"वाईट कोण म्हणते? पण त्याले भेव नाही. ज्याले भेव नाही, त्याच्या मशीनीत आपण हात घालू नये. मशीन कोणाची अन् भेव कोणाले! तुम्ही झोपेत पाय ओढता अजून, माहीत आहे का? मी उठून बसतो अन् तुमचा पाय धरून ठेवतो."

हे त्याला माहीत नव्हतं.

"म्हणजे नको जाऊ म्हणतं?"

"तसं नाही म्हणत. त्याले भेव वाटते का, ते पाहून या. नसन वाटत तर तसेच माघारी या."

सकाळी तो सिटीबसनं हिंगण्याला गेला. सायकल आता जमत नव्हती. फाटकाशी खडी वाहणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांतली अनुसया त्याला पाहून उठली. "आले गा शालिकभाऊ! आता काम निघते." त्याच्या पायाकडे तिनं पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

ओमप्रकाश बोर्डापाशी होता. मिक्सर चालू-बंद करायचं काम त्याचं. त्यानं हात जोडल्यासारखं केलं. शालिकरामनं तिन्ही फ्यूज काढले, सगळ्यांना दिसतील असे तळहातावर धरले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. मग तो सेठकडे वळला.

"मी आत उतरतो सेठजी. पण मी आत असेन तोवर तुम्हीही आत पाहिजे."

सेठ हसला. "मी आत येऊन काय करू? मी काय मिस्त्री आहे?"

"काही नका करू. उभे राहा."

"पागल झाला काय?"

"मंग मी जातो." शालिकरामनं पिशवी उचलली.

बाया फाटकातून आत सरकल्या होत्या. अनुसयानं पदर कमरेला खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "उतरा ना जी सेठजी! आमी तर रोज सिमेंट खरवडाले उतरतो. काही नाही होत, थोडीशी माती लागते." दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. सेठच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं चपला काढल्या आणि शिडीला हात घातला.

आत उतरलं की बाहेरचं काहीच दिसत नसे. वर आभाळाचा एक गोल तुकडा आणि चारी बाजूंना झिजून चकचकीत झालेलं लोखंड. पाती सेठच्या गुडघ्याशी लागत होती. तो त्यांना अंग लागू न देता उभा राहायला पाहत होता, पण तेवढी जागाच नव्हती. शालिकरामनं खाली बसून गिअरचं झाकण खोललं. पाना एकदा निसटला आणि कढईभर घंटेसारखा आवाज घुमला. सेठनं श्वास आत ओढलेला त्यानं ऐकला.

"किती वेळ लागन?"

"लागन तेवढा."

शालिकरामनं आतलं जुनं ग्रीस पुसून काढलं. मग बाजूच्या कारखान्यात एक मोठी मोटर सुरू झाली. तिची घरघर जमिनीतून लोखंडात आली आणि लोखंडातून तळपायात. शालिकरामचा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला.

"ओमप्रकाश!" सेठ असा ओरडला, की आवाज फुटला. "बोर्डापासून दूर हो! हात नको लावू! दूर हो म्हणतो ना!"

सेठनं दोन्ही हातांनी शिडी धरली होती आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"फ्यूज तुझ्याजवळच आहेत ना?" त्यानं हळूच विचारलं.

"तेव्हाही होते," शालिकराम म्हणाला.

वरून ओमप्रकाशचा आवाज आला. तो बोर्डापासून लांब गेला असावा, कारण त्याला ओरडून बोलावं लागत होतं आणि त्यामुळे ते सगळ्यांनीच ऐकलं. "मी दूरच आहो सेठजी! त्या दिवशीही मी नाहीच म्हणून राहिलो होतो. आपल्याकडे फ्यूज रोज उडत होते. जागा रिकामी दिसली तर तुम्ही म्हणाले, उडाला असन, फ्यूजच्या जागी सरळ तार टाक, माल अडकला आहे. मी तार टाकली. पाय सापडल्यावर तुम्हीच म्हणाले, तार काढून फेक अन् चूप राह्य."

सेठनं वर पाहिलं. त्या गोल तुकड्याच्या काठावर आता बायांची डोकी दिसत होती.

"हो," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, जरा मोठ्यानं, "हो. मीच म्हटलं होतं."

शालिकरामला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण काहीतरी बोलू. वर्षभर त्यानं मनात बरंच जुळवून ठेवलं होतं. पण गिअरचा तुटलेला दात समोर दिसत होता आणि तो काढायला जोर लागणार होता.

"धरा हे," त्यानं सेठच्या हातात झाकण दिलं.

सेठनं ते धरलं. दात निघेपर्यंत, गोदामातून आणून वरून सोडलेला नवा गिअर बसेपर्यंत तो ते झाकण छातीशी धरून उभा राहिला. वर जाऊ का म्हणून त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी शालिकराम घरी आला तेव्हा प्रेमिला दारातच उभी होती. तिनं आधी दोन्ही पाय पाहिले.

"काय म्हणे सेठ?"

"दर महिन्याले ये म्हणे. पहिल्यासारखं." तो ओट्यावर टेकला. "मी अजून हो नाही म्हटलं."

"अन् ते? मी सांगतलं होतं ते पाहिलं?"

"पाहिलं. भेला तो. सदरा पिळून निघाला असता."

प्रेमिलानं चूळ भरायला पाणी दिलं. मग आत जाऊन तिनं नानाजींच्या जुन्या मागावरचा धोटा आणला, पदरानं पुसला आणि त्याच्या हत्यारांच्या पिशवीत तळाशी ठेवला.

"मंग जा जी," ती म्हणाली. "पण आत उतरसान तर तो सेठ पहिले उतरला पाहिजे."