शंभर वर्षांनंतरचा रावण

मी जव्हारचा लग्नाचा शूटिंगवाला. माझ्या कॅमेऱ्यासमोर रडली नाही अशी नवरी तालुक्यात नाही, आणि मी रडवली नाही अशी वरमाय जिल्ह्यात नाही. अशा माणसाच्या हाती एआय आलं, म्हणजे माकडाच्या हाती अख्खा फणसच! लिहाल त्या वाक्याचा सिनेमा करून देतं हे यंत्र. पहिल्याच आठवड्यात मी एका नवरदेवाची वरात चंद्रावरून काढली. सासरा म्हणाला, "जेवणावळ पण तिकडंच उरकली असती तर बरं झालं असतं."

ही कीर्ती घाट चढून मोखाड्याकडं माझ्या आजोळी पोचली. त्या घाटाची वळणं अशी, की एसटीच्या ड्रायव्हरला समोर आपल्याच गाडीची मागची पाटी वाचता येते. गावच्या पंचांनी फर्मावलं, औंदा बोहाड्याच्या आधी पडद्यावर शंभर वर्षांनंतरचा बोहाडा दाखवायचा.

बोहाडा म्हणजे देवांचे नि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळावर रात्रभर नाचायचा आमचा उत्सव. सोंगं घराघरांत वाटलेली. रावण माझ्या मामाच्या घरचा, दहा तोंडांचा, वजनाला दोन रेडे. पण मामाचा गुडघा गेलेला. मुलगा भिवंडीच्या गोदामात, फोनवर "सुट्टी नाय, बाबा" एवढंच बोलायचा. पंच सांगून गेले होते, औंदा तुझ्या घरचं कोणी उभं राहिलं नाही तर रावण शेजारच्या घराला देऊ. आणि एकदा गेलेलं सोंग परत येत नाही. बिबट्यालासुद्धा "कुठं चाललास रं?" असं दरडावून विचारणारा माझा मामा तेव्हापासून नागलीची भाकर अर्धी टाकून उठायचा.

मला म्हणाला, "भाच्या, तुझ्या सिनेमात तरी रावन माझ्याच घरचा नाचला पायजे."

"मग घरच्यांचे फोटो दे."

फोटो निघाले ते असे: मामाचा एक, त्यात तो कॅमेऱ्यावरच डाफरतोय. मुलाचा एक, तोही पाठमोरा. आणि कॉलेजला जाणाऱ्या नातीचे तिच्या फोनमध्ये पोतंभर. मी सगळे यंत्राला खाऊ घातले.

आधी पंचांनी बघायचं ठरलं. शाळेच्या खोलीत भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पंच कमी, गाव जास्त. पडद्यावर आमचं सूर्यमाळचं पठार उगवलं. उडती घरं, संबळ वाजवणारा रोबो, दहा तोंडांनी दहा भाषांत गाणारा रावण. लोक मान डोलवत होते, जणू हे रोजचंच. तेवढ्यात एका घराशी नळ धो धो वाहताना दिसला आणि मागून एक म्हातारी गरजली, "बंद करा! कायपन दाखवतो! वैशाखात नळाला पानी?"

नळ काढून टाकतो अशी शपथ मी घेतली तेव्हा कुठं सिनेमा पुढं सरकला. शेवटी रावणानं मुखवटा उतरवला. आत नात! घामानं निथळत हसत होती.

शेजारच्या घरचा कारभारी, ज्याचा रावणावर डोळा होता, तो उठला. "रावन कधी पोरीनं नाचवला? यंत्राला तेवढं पन कळंना?"

"मामा, पाच मिनिटांत मिशा लावतो," मी म्हणालो.

मामानं मला हातानं गप्प केलं आणि थोरल्या पंचाकडं वळला. "सोंग कोनाचं? गड्याचं का घराचं?"

"घराचं."

"आनि ही कोनाच्या घरची?"

पंचानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "तुझ्याच."

"पर ते शंभर वर्सांनी!" कारभारी ओरडला.

"मंग शिकाया औंदापासून नको?" मामा म्हणाला. "शंभर वर्सं फुकट जायाची नायतर!"

खोली अशी हसली की दोन घोंगड्या गळून पडल्या आणि उजेड आत आला. पंच नातीकडं बघून म्हणाला, "पोरी, उचलंल का तुला?"

"रोज दरीतनं दोन हंडे वर आनते मी. ते तर बोलत पन नाय. रावन निदान सोबत करंल."

मामाच्या अंगणात रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. मामा खाटेवरून ताल धरायचा, नात भरल्या हंड्यांनी पावलं घटवायची, मामी सांडलेल्या पाण्यासाठी दोघांना शिव्या द्यायची. आणि मामा आता भाकर अर्धी टाकून उठेना, मागून खायला लागला.

बोहाड्याला रावण उजाडता उजाडता निघाला. भिवंडीचा मुलगा आदल्या दिवशीच येऊन ठेपला होता. सुट्टी कशी मिळाली विचारलं तर म्हणे, "साहेबाला सांगितलं, माझी पोरगी रावन हाय." तो डावीकडून दहा तोंडांना हात लावून चालला. उजवीकडं कोण असावं? तोच कारभारी! "मुखवटा फुटला तर गावाची नाचक्की," असं पुटपुटत, पण हात घट्ट.

रात्रीचा सिनेमा संपून माझा पडदा तसाच ताणलेला राहिला. त्याच्यापुढं अख्खं गाव पाठ करून उभं होतं आणि संबळाच्याही वर मामाचा आवाज चढला होता, "डावा, पोरी, डावा! आता फिर!"

ती फिरली.