पूर्ण जोर

आधी निर्मलाताईंचं नाव घेतो, मग बाकीचं. या गोष्टीत जे काही चांगलं आहे ते त्यांचं आहे, आणि जे सांगायला मला इतकी वर्षं लागली — ते माझं.

कुणालाच सांगितलेलं नाही हे. बायकोला नाही, मामांना नाही. एकदा दारूच्या बैठकीत ओठांपर्यंत आलं होतं, तर पाणी पिऊन गिळून टाकलं. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे जीभ जड होते, नाही का?

मी कोल्हापूरचा. नववीनंतर शाळा सोडली — सुटली म्हणत नाही, सोडली — आणि मामांनी मला दिल्लीला आणलं. मामांच्या गावाकडची माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात. जुनं सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, कस सांगायचा. मामांचं दुकान करोलबागेत. तेव्हा यमुनेपलीकडे मयूर विहार, नोएडा अशा वस्त्या भराभर वाढत होत्या, तिथे सराफांची नवी दुकानं निघत होती आणि त्यांचा माल आमच्या भट्टीवर यायचा. कामाला तोटा नव्हता. बोलायला माणूस नव्हतं. दिवसभर हिंदी, तीही चुकीची.

गलाईत एक शिस्त असते. दुसऱ्याचं सोनं हातातून जातं, तर आपल्या अंगाला कणसुद्धा चिकटता कामा नये. दुकानातला केरही आम्ही टाकत नाही, तो जाळून त्यातलं सोनं काढतात. निघताना मी चपला झटकायचो, नखं घासायचो. मामा चारचौघांत म्हणायचे, ‘रणजितच्या हाताला सोनं चिकटत नाही.’ हे मुद्दाम सांगतोय. पुढे लागेल.

निर्मलाताई दुकानात आल्या त्या आईच्या जुन्या पाटल्यांचा कस बघायला. मी आत कारागिराला कोल्हापुरात आमच्या पेठेचा संघ फुटबॉलचा सामना कसा हरला ते सांगत होतो. लेफ्ट बॅकनं फॉरवर्डला सोडलंच कसं, म्हणून तावातावानं. बाहेरून आवाज आला, ‘लेफ्ट बॅकची काय चूक? हाफ परत आला नसणार.’

मी बाहेर येऊन बघतो तर सुती साडी, खांद्याला ऑफिसची पिशवी, चष्मा. राजापूरकडच्या बाई, केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. मी म्हणालो, ‘लेफ्ट बॅक मीच होतो, ताई. पोरांच्या संघात.’ त्या म्हणाल्या, ‘अच्छा! म्हणून हाफवर ढकललं नाहीस तू. सज्जन दिसतोस. रविवारी ये घरी, तुला एक संघ देते.’

संघ म्हणजे कागदावरचा. आता पोरं फोनवर खेळतात तसलंच, पण फार साधं. बडोद्याचे एक प्राध्यापक आपल्या कॉम्प्युटरवर ही लीग चालवायचे. बारा संघ, बारा मॅनेजर, सगळे मराठी, सगळे घरापासून लांब — कुणी मस्कतला, कुणी जमशेदपूरला. खेळाडू खोटे, नावं आपण द्यायची. दर रविवारी सकाळी नऊला कोण जखमी, कोण धडधाकट याचं पत्रक यायचं. ते बघून नऊ ते बारामध्ये मेलनं अकरा जणांची यादी पाठवायची. त्याआधी आलेली धरत नसत. यादीखाली एक रकाना असायचा, जोर. त्यात तीनपैकी एक लिहायचं. बेताने, नेहमीचा, किंवा पूर्ण. पूर्ण जोर लावला की संघ जिंकायची शक्यता वाढे, पण खेळाडू दमत, मोडत. म्हणून दुबळ्या संघापुढे सगळे ‘बेताने’ लिहायचे. साडेबाराला निकाल.

ताईंच्या सगळ्या खेळाडूंना माशांची नावं होती. मोरी फॉरवर्ड, सुरमई गोलकीपर. मला मिळाला एका सोडून गेलेल्या मॅनेजरचा संघ, शेवटून दुसरा. मी त्यांची नावं बदलली. मूस, चिमटा, भट्टी. भट्टी गोलला. ताई हसून हसून खोकल्या.

लक्ष्मीबाई नगरातलं त्यांचं क्वार्टर, त्यात फोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट, कुंडीतला कढीपत्ता. यजमान बदलीवर बाहेरगावी. इंग्रजी अक्षरांत मराठी कसं टाइप करायचं ते ताईंनी शिकवलं, एका बोटानं. पहिला सामना मी पाच गोलांनी हरलो आणि ताट पुढे आलं तरी हात लावेना. ‘पाच गोल खाऊन पोट भरलं वाटतं? चल, आमटी गार होतेय.’ असं कोण बोलतं परक्या पोराशी? दोन वर्षांत मला कुणी जेव म्हणालं नव्हतं. जेवण तयार आहे, एवढंच म्हणायचे.

त्या हंगामात मी रविवारसाठी जगलो, असं म्हटलं तर खोटं नाही. हळूहळू सामने बरोबरीत सुटू लागले, दोन-तीन जिंकलो. मस्कतवाले गृहस्थ सगळ्यांना मेल करायचे, ‘भट्टी पेटली हो!’ मी तो मेल कारागिराला वाचून दाखवला. त्याला काही कळलं नाही, तरी मी दोनदा वाचला.

पण नियम असा होता की शेवटचे दोन संघ बाद. मॅनेजरसुद्धा बाद. बाहेर लोक रांगेत होते. शेवटची फेरी उरली तेव्हा मी दहावा होतो, आणि अकरावा जमशेदपूरवाला एकाच गुणानं मागे. जिंकण्याला दोन गुण, बरोबरीला एक, आणि गोलांच्या हिशेबात मी त्याच्या पुढे, म्हणून बरोबरी झाली तरी मी वाचणार होतो. ताई पहिल्या होत्या, हंगाम जिंकायला त्यांनाही बरोबरी पुरत होती. आणि शेवटचा सामना होता — ताई आणि मी.

मी हसत हसत म्हणून पाहिलं, ‘ताई, बरोबरीत दोघांचंही भागतंय की.’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘बरोबरी मागून घ्यायची नसते रे.’ एवढंच. मला वाटलं, वरवर बोलतायत. लिहितील ‘बेताने’.

खरं सांगू का? मला संघ जाण्याची भीती नव्हती. संघ गेला तर त्या घरात मी रविवारी कशासाठी जायचं, याची भीती होती. ताईंनी असं कधी म्हटलं नव्हतं. पण नववी सोडलेल्या पोराला सेक्शन ऑफिसरच्या घरी नुसतंच कसं जाता येईल? काहीतरी काम हवं. ते काम चाललं होतं हातातून.

त्या आठवड्यात गावी ताईंची आई पडली. शनिवारच्या गाडीनं त्या निघाल्या, म्हणजे रविवारभर गाडीत. जाताना घराची किल्ली दिली, मेलचा पासवर्ड दिला आणि एक खाकी पाकीट. ऑफिसातलं जुनंच, पत्त्यावर कोरा कागद डकवून पुन्हा वापरलेलं, डिंकानं बंद. आत त्यांची यादी. कुणी जखमी निघालं तर त्याच्या जागी कोण, तेही लिहिलेलं. फायलीवर शेरा मारावा तशा म्हणाल्या, ‘आधी तुझी यादी पाठव. मग माझं पाकीट उघड. म्हणजे तुला मोह नको आणि मला शंका नको. बिल्कुल सोपं.’ मग पायरीवरून वळून, ‘कढीपत्त्याला पाणी घाल.’

मी पाणी घातलं. पत्रक बघितलं. आधी माझी यादी पाठवली. मी नियम पाळला, हे लक्षात ठेवा — त्यानं काही फरक पडत नाही, तरी मी इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. मग पाकीट उघडलं आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. सुरमई. बांगडा. हलवा. मोरी. अकराच्या अकरा, तगडे. सगळे धडधाकट, कुणाला बदलायचं नव्हतं. खाली जोरचा रकाना, तिथे ताईंच्या गोल अक्षरात — पूर्ण. आणि खाली रेघ.

रेघ कशाला मारली असेल?

मी किती वेळ त्या रेघेकडे बघत बसलो, माहीत नाही. मस्कतवाल्यांपुढे त्यांनी ‘नेहमीचा’ लिहिला होता, माझ्यापुढे पूर्ण. बरोबरी पुरत असताना. मला वाटलं, या बाईंना मी नकोय. आमटी, ताट, ते हसणं — सगळं वरवरचं. बारा वाजायला वीस मिनिटं होती. यादी पूर्ण टाइप झाली होती. एक बटण दाबायचं राहिलं होतं.

नाही दाबलं.

यादी आली नाही तर कॉम्प्युटर नोंदवहीच्या क्रमानं खेळाडू उतरवतो, हे मला माहीत होतं. आणि मग मी आणखी एक केलं, ज्याची मला जास्त लाज वाटते. उठलो आणि फोनची वायर भिंतीतून उपटली. रिसीव्हर कानाला लावला. आवाज नाही. लाईन डेड. म्हणजे मी पुढे जे सांगणार होतो ते अगदीच खोटं असू नये, एवढी काळजी घेतली. असा विचार चोरसुद्धा करत असेल का?

सव्वाबाराला वायर परत लावली. निकाल आला. ताईंच्या गोलला मांदेली नावाचं कच्चं पोरगं, मोरी बाकावर. मी दोन गोलांनी जिंकलो. मी राहिलो. ताई दुसऱ्या आल्या.

परतल्यावर त्यांना सांगितलं, ‘माझी यादी गेली आणि लगेच लाईन गेली, ताई.’ जमशेदपूरवाल्यानं — माझ्या जागी तो बाद झाला होता — सगळ्यांना मेल टाकला, ‘कमाल आहे, नवख्याची जाते आणि ताईंची अडकते?’ ताईंनी उत्तर लिहिलं, तेही मला शेजारी बसवून. ‘चूक माझी. आधी त्याची पाठव असं मीच सांगितलं होतं. रणजितवर शंका घेऊ नये.’ माझा मोह टाळायला केलेला नियम त्यांनी स्वतःच्या माथी घेतला, आणि मी शेजारी बसून बघत राहिलो.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. ताईंनी फोनच्या ऑफिसात लेखी तक्रार केली. पुढच्या रविवारी लाईनमन आला. वयस्क सरदारजी, हातात ते तपासायचं यंत्र. खांबावर चढला, उतरला, घाम पुसला.

‘मॅडमजी, लाइन तो एकदम ठीक है. उस दिन का कोई फॉल्ट रजिस्टर में चढ़ा ही नहीं.’

‘ठीक कैसे है? लड़का यहीं बैठा था,’ ताई म्हणाल्या. ‘ये झूठ नहीं बोलता.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीतल्या वायरच्या टोकाकडे पाहिलं. ते मी घाईत उपटलं होतं, एक बाजू चिरली होती. परत माझ्याकडे. त्याला कळलं, मला खात्री आहे. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला चहा होता.

‘चलो जी,’ तो म्हणाला, ‘तार बदल देते हैं. पुरानी हो गई होगी.’

ताईंनी त्याला सुनावलं. सरकारी नोकरीत असून काम असं करता, आम्हीही सरकारातच आहोत, वगैरे. त्यानं मान खाली घालून ऐकलं, चहा प्यायला आणि गेला. जाताना कप माझ्या हातात देत हळूच म्हणाला, ‘अच्छी मॅडम हैं तुम्हारी.’ बस.

त्यानंतर ताई पाच हंगाम खेळल्या. दोनदा तिसऱ्या, एकदा दुसऱ्या. पहिल्या कधीच नाही. मग प्राध्यापकांचे डोळे अधू झाले आणि लीग बंद पडली. पण माझे रविवार बंद झाले नाहीत. संघ नसतानाही मी गेलो, तेव्हा ताईंनी नेहमीसारखं दार उघडून विचारलं, ‘उशीर का?’ मला ज्याची भीती होती ते कधी नव्हतंच. हे कळायला मला तीच बाई लुटावी लागली.

‘पूर्ण’खालची ती रेघही फार उशिरा कळली. माझ्या दुकानातल्या एका नव्या कारागिराशी मी बुद्धिबळ खेळत होतो. त्याला बरं वाटावं म्हणून मुद्दाम वजीर सोडला, तर तो पट उधळून उठला. म्हणाला, ‘मालक, मला लहान पोर समजू नका.’ सोंगट्या वेचता वेचता मला ती रेघ आठवली. आयुष्यात मला सगळ्यांनी बेतानेच घेतलं होतं. मास्तरांनी, मामांनी, गिऱ्हाइकांनी. नववी सोडलेला आहे, सांभाळून घ्या. एका माणसानं माझ्यापुढे पूर्ण जोर लावला होता, खाली रेघ मारून. आणि मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

माझं बरं चाललंय. मयूर विहारात सोसायटीत फ्लॅट आहे, दुकान माझ्या नावावर आहे, मुलगी मेट्रोनं ऑफिसला जाते आणि मला इंग्रजी मेल लिहून देते. सकाळी बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालतो. त्या कुंडीतलीच फांदी आहे. ताई निवृत्त होऊन राजापूरला असतात. दिवाळीला फोन येतो. ‘काय भट्टी, पेटतेय का?’ मी म्हणतो, ‘पेटतेय, ताई.’ सुखी माणूस आहे मी. हे सांगतानाही लाज वाटते, पण आहे.

एकदा ठरवलं होतं, त्यांच्यासाठी छोटा सोन्याचा करंडक घडवून घ्यावा. मग थांबलो. सोनं द्यायला मला काय लागतं? मी त्यातच वावरतो.

ते खाकी पाकीट माझ्याकडे आहे, आत ती यादी, तिजोरीत. मामा म्हणायचे, रणजितच्या हाताला काही चिकटत नाही. हे चिकटलं. एक दिवस राजापूरला जाईन. पाकीट ताईंच्या हातात ठेवीन, त्या चष्मा लावून ते उघडतील, वाचून होईपर्यंत मी गप्प उभा राहीन. मग तोंड उघडीन. या वेळी आधी त्यांचं, मग माझं.