सोळा नंबरचा पाना

गाडी बंद पडली ती गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर, सकाळी साडेसहाला. दोन्ही बाजूंना दुधाचे डबे लटकलेले आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. किक मारून मारून माझी पिंढरी भरून आली. फुरफुर करायची आणि दम टाकायची. प्लग काळा झाला होता, दुसरं काही नाही. तीन वर्षं मी ती फटफटी चालवत होते, तिचं काय दुखतं ते मला कळत होतं.

प्लग खोलायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, परत बसवायचा. दहा मिनिटांचं काम. पण तो बसलेला असतो इंजिनात खोल, साधा पाना तिथं पोचत नाही. त्याला नळीसारखा लांब पाना लागतो. तो सोळा नंबरचा असतो हे आज मी झोपेतही सांगेन, तेव्हा ठाऊक नव्हतं. गाडीबरोबर मिळालेला पाना बाजूच्या पेटीत असायचा. पेटी उघडली तर आत भोपळा! हत्यारांची पिशवीच गायब. गाडी ढकलत घरी आणली.

नवरा हैदराबादला कामावर. घरात मी, माझे भासरे आणि जाऊबाई. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि आमच्यात भासऱ्याशी भावजय बोलत नाही. समोर बसत नाही, हाक मारत नाही. त्यांना काही सांगायचं असेल तर ते जाऊबाईंना सांगतात, तेही मला ऐकू येईल अशा बेतानं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षांत आम्हा दोघांत एक शब्द गेला नव्हता.

त्या दिवशीही ते ओसरीवरून बोलले, जाऊबाईंकडे बघत. "सांग तिले, बंद पडली तं बरं झालं. बाईमाणसानं डबे घेऊन गावभर फटफटी फिरवणं शोभते का? बुधवारी तिरोड्याचं गिऱ्हाईक येऊन राहिलं. गाडी देऊन टाकतो."

शनिवार होता तो. हातात चार दिवस. चालती गाडी विकायला त्यांना तोंड नव्हतं, कारण चार घरचं दूध तिच्यावर डेअरीच्या केंद्रावर जात होतं. बंद गाडी विकायला कुणाची मनाई? गाडी गेली की मी परत चूल आणि शेण. नवऱ्याला फोन लावला तर म्हणतो, "दादा म्हणते तं जाऊ दे ना. कायले वाद घालतं?"

"मंग तुमच्या दादाले सांगा दूध पोचवाले," म्हटलं, आणि फोन ठेवला.

शेजारच्या काकाजींकडे शेताला पाणी द्यायचं इंजिन आहे. त्याचा नळीपाना मागून आणला, तर तो प्लगवर नुसता गरगर फिरतो. काकाजी म्हणाले, "ट्यूबचा तुकडा कोंब त्यात." आमच्याकडे सायकलच्या ट्यूबवर सगळ्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. पाइप गळतो, बांध ट्यूब. चप्पल तुटली, बांध ट्यूब. मीही शहाणी, कोंबला तुकडा आणि लावला जोर. पाना सटकला आणि माझी बोटं इंजिनाच्या पात्यांवर सोलून निघाली. प्लगचे कोने झिजले असते तर मग तो कुणाच्या बापाला निघाला नसता, म्हणून थांबले.

रविवारी एसटीनं गोरेगावला मेकॅनिककडे. तो म्हणे, पाना देत नाही, गाडी आणा. सात किलोमीटर ढकलत आणू का, म्हटलं. "मंग शुक्रवारी येतो. आता आमची कापणी चालू आहे," म्हणे. वर शहाणपण शिकवतो, "प्लग खोलणं बाईचं काम आहे का? घरच्या माणसाले पाठवा." घरच्या माणसालाच तर गाडी विकायची होती! त्याला काय सांगायचं, कप्पाळ?

सोमवारी गोंदियाला गेले, मोठ्या दुकानात. दुकानदार हिंदीत म्हणाला, "कौन सा नंबर? पुराना प्लग दिखाओ, नाप के देता हूँ."

"भैया, पुराना प्लग निकलता तो मैं यहाँ काऊन आती?"

दुकानातली चार माणसं हसली. त्याला राग आला असावा, कारण त्यानं न बघताच एक पाना कागदात गुंडाळून हातात दिला आणि म्हणाला, बिका हुआ माल वापस नहीं. घरी येऊन बघितलं, अठरा नंबर. प्लगवर बसतो पण पकडत नाही. मी तो पाना अंगणात भिरकावला आणि भिंतीला टेकून रडले. रागानं रडले, सांगून ठेवते.

इकडे चार घरच्या बाया तोंडं पाडून विचारत होत्या, बाई, उद्या दूध काढून ठेवू की दुसऱ्याला देऊ? दोन दिवस मी डबे सायकलवर लादून नेले. एकदा केंद्र बंद झाल्यावर पोचले आणि सगळं दूध तसंच परत आणलं.

मंगळवारी चुलीजवळ जाऊबाई हळूच म्हणाल्या, "काऊन वणवण करून राहिली? तुझी पिशवी देवाजवळ आहे."

मला आधी समजलंच नाही. मग उलगडलं. दसऱ्याला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड देवापुढे मांडतात. विळे, कुऱ्हाड, पावडं, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी भासऱ्यांनी गाडीच्या हत्यारांची पिशवीही मांडली होती. आणि आमच्या घरचा नेम असा की पूजेतलं लोखंड घरच्या मोठ्यानंच उचलून ज्याचं त्याला द्यायचं. विळे-पावडे त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाटले, कापणी तोंडावर होती. पिशवी तेवढी देव्हाऱ्यामागं राहिली. विसरून राहिली म्हणता? चार दिवस मी त्यांच्या डोळ्यांदेखत रक्ताळलेली बोटं घेऊन फिरत होते. चार दिवस त्यांना पाना कुठं आहे ते ठाऊक होतं.

"तुम्ही मागा ना त्यांना," म्हटलं.

"मागितला. म्हणते, कायले पाहिजे, गाडी तं विकून चालली." एवढं सांगून त्या भाकरी थापायला लागल्या.

बुधवारी जाऊबाई कापणीला गेल्या. नऊ वाजता गिऱ्हाईक आलं. भासरे अंगणात खाट टाकून बसले, गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत टायर दाबून बघायला लागलं. मी दाराआड. मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? एकोणीस वर्षांत मारलीच नव्हती, मला शब्दच ठाऊक नव्हता.

बाहेर आले. म्हटलं, "ऐका. देवाजवळचा पाना द्या."

भासऱ्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बायको नाही. मग रिकाम्या ओसरीकडे तोंड करून म्हणाले, "सांगा तिले, मोठ्यांसमोर असं..."

"ओसरीले काय सांगता? मी इथं उभी आहो."

त्यांनी तोंड फिरवलं. गिऱ्हाईक परत टायरवर वाकलं. त्यांनी पाय रोवून बसायचं ठरवलं होतं, तर मी काय वाट बघत राहणार? सरळ देवघरात गेले, हात जोडले, पिशवी उचलली. पान्यावर अजून कुंकू होतं.

गाडीजवळ उकिडवी बसले. प्लगवरची टोपी काढली, नळी घातली, आरपार दांडी सारली आणि अंगातला सगळा राग त्या दांडीवर टाकला. कट्‌ झालं. प्लग ढिला झाला. बाहेर काढला तर चुलीतल्या कोळशासारखा. घासला, पुसला, आधी हातानं फिरवून बसवला, मग पान्यानं आवळला. पहिली किक, काही नाही. दुसरी, फुर्र. तिसऱ्या किकला गाडी अशी गरजली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

गिऱ्हाईक गोंधळून भासऱ्यांना विचारतं, "मंग विकाची आहे का नाही?"

"नाही," मी म्हटलं.

काळ्या हातांनीच मी गाडीवर बसले. तेव्हा ते खाटेवरून उठले, दोन पावलं पुढं आले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"डोक्यावरचा पदर पडला तुझा."

"पडू द्या," म्हटलं, आणि गिअर टाकला.