संदीपने बसवलेला फिल्टर

कुठलीही घट्ट बसलेली वस्तू सोडवायची असली की माझे सासरे आधी ती आणखी थोडी आवळत. नट असो, नळ असो, बरणीचं झाकण असो. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या लालबागच्या घरी जेवायला गेले तेव्हा लोणच्याची बरणी माझ्या हातात होती आणि झाकण काही निघत नव्हतं. संदीप, माझा होणारा नवरा, हात पुढे करत होता. आप्पांनी बरणी स्वतःकडे घेतली, झाकण बंद करायच्या बाजूला केसभर फिरवलं आणि मग सोडलं. "आधी त्याला वाटू दे आपण आवळतोय," ते म्हणाले. "बेसावध झालं की सोडायचं." मी काय शिकले, कुठे नोकरी करते, माझ्या घरी कोण कोण असतं, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. बरणी पुढे सरकवली आणि जेवायला लागले.

आप्पा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका इस्पितळात बॉयलरवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गिरणीबद्दल कुणी कळवळून बोलायला लागलं की ते अस्वस्थ होत. "बंद पडली ती पडली," एवढंच म्हणत. "मशिनी चांगल्या होत्या." माणसांबद्दल ते फार बोलत नसत. सासूबाई गेल्या त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो होता आणि त्या फोटोची काच आप्पा दर रविवारी पुसत.

चाळीतले लोक मिक्सर, इस्त्री, पंखा काहीही बिघडलं तरी आमच्याकडे आणत. आप्पा पहिला प्रश्न एकच विचारायचे, "घाई आहे?" समोरच्याने हो म्हटलं की म्हणायचे, "मग उद्या ये." एकदा खालच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी मिक्सर घेऊन आल्या. घरी पाहुणे जेवायला यायचे होते, वाटण व्हायचं होतं. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. वहिनी चिडून पाट्यावर वाटायला बसल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मिक्सर नेऊन दिला. तो आजही चालतो, पण वहिनींनी तो दिवस अजून विसरलेला नाही. मी आप्पांना म्हटलं होतं, तेव्हाच बघितला असता तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "घाईत उघडलं की एक स्क्रू हातात उरतो. मग आयुष्यभर तो कुठला, ते शोधत बसा."

संदीपला मात्र घाई असे. चाळिशी जवळ आल्यावर त्याने दोन सिलिंडरची मोठी मोटरसायकल घेतली. ती चौकात उभी राहिली की जाणारा-येणारा थांबून बघायचा. तिचं तेल बदलायची वेळ आली तेव्हा त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि एका रविवारी सकाळी पाना, घमेलं, नवा फिल्टर घेऊन खाली उतरला. फिल्टर म्हणजे तेल गाळणारा पत्र्याचा छोटा डबा, इंजिनाला समोरून आट्यांवर फिरवून बसवतात. मी त्याच्यासाठी चहा घेऊन खाली गेले होते. "आप्पांना हाक मारू का?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "कशाला? एका तासाच्या कामाला दोन दिवस लावतील. तूच कर."

त्याने केलं. दुपारी जेवताना आप्पा त्याच्याशी बोलले नाहीत, तोही बोलला नाही. पुढचे दिवसही तसेच गेले. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, नुसतं बोलणं बंद होतं. बाराव्या दिवशी संदीप ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवरून कोसळला. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

त्यानंतरच्या महिन्यांचं मला फारसं आठवत नाही. मी दादरच्या शाळेतल्या माझ्या ऑफिसात जात होते, मुलांचे दाखले लिहीत होते, संध्याकाळी भाजी घेऊन परत येत होते. आप्पा आणि मी समोरासमोर बसून जेवत होतो. "मीठ?" "बरोबर आहे." एवढंच. मी रडले नाही म्हणून बायका माझ्याकडे काळजीने बघत. मला रडू दाबावं लागत नव्हतं, ते येतच नव्हतं. इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखं झालं होतं. आपण चावतोय हे कळतं, पण आपल्याच तोंडात चावतोय हे कळत नाही.

नऊ महिन्यांनी गिरगावातला संदीपचा एक मित्र गाडी न्यायला तयार झाला. मी लगेच हो म्हटलं. आप्पा म्हणाले, "उभ्या गाडीतलं तेल मरतं. बदलूनच देऊ." आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तू पण चल खाली. धरायला कोणीतरी लागेल."

पहिल्या दिवशी जुनं तेल घमेल्यात निघालं, पण फिल्टर हलला नाही. आप्पांनी हात पुसून धरला, फडक्याने धरला, पॉलिशपेपर गुंडाळून धरला. नेहमीसारखा आधी केसभर आवळून पाहायला गेले, तर तो तिकडेही जाईना. "हातानं बसवायचा असतो हा," ते म्हणाले. "ह्यानं पान्यानं आवळलाय." संदीप गेल्यापासून त्याच्याबद्दल ते प्रथमच काही बोलले होते. नाव मात्र घेतलं नाही. मग उठले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी जुना कातडी पट्टा आणला, फिल्टरभोवती आवळला आणि त्यात दांडा घालून पिळायला लागले. मी गाडीचं हँडल धरून उभी होते. पत्रा चेपला, फिल्टर तसाच. आप्पांचा श्वास मोठा होत चालला होता. त्या आवाजात मी अचानक बोलले.

"आप्पा, त्या दिवशी तो तुम्हाला हाक मारणार होता. मीच नको म्हटलं."

आप्पांनी पट्टा सोडला नाही. "ऐकलं मी," ते म्हणाले. "वर गॅलरीतच होतो."

"मग खाली का नाही आलात?"

"बोलावलं नाय ना." पट्टा निसटला. तो त्यांनी पुन्हा नीट गुंडाळला. "चपला घातल्या होत्या मी. परत काढल्या."

मी हँडल धरून उभी राहिले. आपण केवढी गोष्ट सांगितली आणि केवढी ऐकली, हे मला समजत होतं. पण आत काही हललं नाही. त्या दिवशीही फिल्टर निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी सावंत खाली आले आणि म्हणाले, "आप्पा, मोठा स्क्रूड्रायव्हर आरपार ठोका आणि फिरवा. सगळे तसंच करतात." आप्पांना असली कामं आवडत नसत. तरी त्यांनी स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला आणि फिरवला. डबा कागदासारखा फाटला. काळं तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. इंजिनाला आता फक्त फिल्टरचं बूड चिकटून राहिलं होतं. सावंत हळहळले आणि कामाला निघून गेले.

आप्पा जमिनीवर बसले. मग पिशवीतून छिन्नी काढली, बुडाच्या कडेला तिरकी टेकवली आणि हातोडी माझ्याकडे दिली. "मी धरतो. तू मार."

"तुमच्या हाताला लागेल."

"लागू दे. मार."

मी मारलं. दुसरा घाव त्यांच्या अंगठ्यावर बसला. त्यांनी छिन्नी हलवली नाही. "अजून," म्हणाले. सातव्या की आठव्या घावाला बूड किंचित सरकलं. पुढे आप्पांनी ते बोटांनीच फिरवून काढलं. त्याचं रबर इंजिनाला चिकटून तसंच राहिलं होतं. आप्पा ते नखाने तुकड्या-तुकड्याने सोडवायला लागले.

"कोरडाच बसवलास रे," ते म्हणाले. "बोटभर तेल फिरवायचं असतं रबराला. एवढं पण नाय दाखवलं काय तुझ्या मोबाइलनं? विचारायचं होतंस. मी काय नाय म्हणणार होतो?"

संदीप शेजारी उकिडवा बसला असावा, अशा सुरात ते बोलत होते. रागावले होते, पण आवाज चढला नव्हता. वरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, ते थांबलं. आप्पांनी सगळे तुकडे काढले, जागा फडक्याने पुसली आणि नवा फिल्टर माझ्या हातात दिला. रबराला तेल मी लावलं. फिल्टर हाताने बसवलाही मीच.

पुढच्या रविवारी मित्र आला आणि गाडी घेऊन गेला. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत आप्पा उभे होते. "हॉर्न बसका वाजतोय," म्हणाले आणि जिना चढायला लागले. त्यांच्या अंगठ्याचं नख तोवर काळं पडलं होतं.

त्यानंतर आप्पा संदीपबद्दल बोलायला लागले. बहुतेक तक्रारीच असत. सहावीत असताना त्याने रेडिओ उघडला आणि परत जोडला नाही. छत्र्या हरवायचा, वर्षाला तीन. बापाचं ऐकायचं नाही हे त्याने आईकडून घेतलं होतं. जेवताना एखादी तक्रार निघे, मी ऐके, कधी माझी एखादी त्यात घाले. दीड वर्ष आमचं घर त्या तक्रारींवर चाललं. मला बरं वाटायला लागलं होतं, असं नाही म्हणता येणार. पण मिठाखेरीज आम्हाला बोलायला काहीतरी मिळालं होतं.

आप्पा एका दुपारी झोपेतच गेले. मी शाळेतून आले तेव्हा त्यांचे पाय गार होते. नणंद खेडहून निघाली होती, तिला पोचायला वेळ लागणार होता. बुद्धवंदना झाली, माणसं जमली, आम्ही स्मशानात गेलो. तिथल्या ऑफिसात मी एकटीच आत गेले. टेबलावरच्या माणसाने नाव, वय, पत्ता लिहून घेतला.

"तुम्ही कोण?"

"सून."

"मुलगा?"

"गेला," मी म्हणाले. तो शब्द मी तोवर तोंडातून काढला नव्हता. लोकच बोलत आणि मी मान हलवत असे.

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. "कामाला गेलाय? येऊ दे मग त्याला. सहीसाठी थांबतो मी," तो म्हणाला. समजूतदार माणूस होता, आवाज मऊ होता.

बाहेर सावंत कुणाला तरी फोनवर रस्ता सांगत होते. मी टेबलावरचं पेन उचललं.

"थांबू नका," मी म्हणाले. "सही मीच करते."