आमच्या संस्थेत छाट नाही

बिड्या वळणाऱ्या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, असं मावसबहीण वंदनाने फोनवर सांगितलं आणि मी बॅग भरली. पानं-तंबाखू देऊन माल उचलणारा सट्टेदार मधे नाही, वळणाऱ्याच मालकिणी! तिच्या गावाजवळचा चोरखमाऱ्याचा तलाव पाहायचा आणि एक झकास पोस्ट लिहायची, असा माझा बेत.

नागपूरहून गोंदियाकडे जाणारी सकाळची गाडी धरा, तिरोड्याला उतरा. स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. शेअर ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. तीस रुपये घेतो आणि कंबर मोडून देतो. दोन्ही बाजूंना धानाच्या हिरव्यागार बांध्या. डोळे निवले.

वंदनाच्या घरी मात्र सुतक असल्यासारखं. ओसरीत बिड्यांची पोती पडलेली. गोंदियाच्या व्यापाऱ्याने संस्थेचा पहिलाच माल परत पाठवला होता.

"बोलला, बिडी ढिली है, पीते-पीते बुझ जाती है," वंदना म्हणाली. "अजून एकदा असा माल गेला त संस्था बंदच करा लागते."

चूक कुठे झाली, सगळ्यांना ठाऊक होतं. सट्टेदार बिड्यांचा प्रत्येक कट्टा, म्हणजे जुडी, दाबून पाहायचा, ढिल्या बिड्या नापास करायचा आणि वर पैसे न देता स्वतःकडेच ठेवून घ्यायचा. याला म्हणतात छाट. तिच्यापायी या बायका वर्षानुवर्षं रडल्या. म्हणून पहिल्याच बैठकीत टाळ्या वाजवून ठरलं: आपल्या संस्थेत छाट नाही. मी तिथे असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

दुपारी बायका जमल्या. आता माल छाटावाच लागणार होता, पण छाटायला कोणी बसेना. शेवटी वंदना बसली. हातात आलेला पहिलाच कट्टा दबला. तो मावशीचा होता, तिच्या आईचा. अर्ध्या गावाला बिडी वळायला मावशीनेच शिकवलं. आता तिच्या बोटांना कंप आहे, हे सगळ्या बघत होत्या.

वंदनाने कट्टा बाजूला ठेवला. मग दुसरा. तिसराही.

"काऊन वं, तूच सट्टेदार झाली काय?" मावशी म्हणाली.

"आई, तू पानं कापून दे. वळू नको."

"वळू नको, मंग करू काय? मरू?"

मावशी सूप उचलून आत गेली. मला वंदनाचा भयंकर राग आला, पण परत आलेली पोती समोरच होती. संध्याकाळी तलावावर गेले. पाणी भरपूर, पाळीवर बसायला जागा छान. खरं सांगते, माझं लक्षच नव्हतं.

सकाळी निघताना मावशीने जयभीम केला, डबा दिला. लेकीशी बोलली नाही.

आता संस्था चालू आहे, व्यापारी माल घेतो. तुम्ही जाऊन पाहा, बायका चहा पाजतील. पण काल वंदनाचा फोन आला. मावशी पुन्हा सट्टेदाराकडे बिड्या देऊन राहिली. तो अर्धे कट्टे नापास करतो, तरी ती जाते.

"मी म्हटलं, आई, तो बी त छाटतेच ना?" वंदना रडत होती. "त बोलली, तो परका आहे. त्यानं छाटलं त दुखत नाही."