दोन पडदे मागितले होते

गेल्या मंगळवारपासून संयोगिताच्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलत नव्हतं. आपली लेक क्रांती, शिकून इंजिनिअर झालेली, सासरच्या गच्चीच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसलीय. मांडीवर लॅपटॉप, मान खाली, एका कानाला हेडफोन आणि दुसऱ्या कानावर हात. कारण पुढच्या सोप्यातून, म्हणजे बैठकीच्या खोलीतून, आठ-दहा पुरुषांच्या आरोळ्या येतायत. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासरही लांब नव्हे, कोल्हापुरातच, रंकाळ्याच्या पलीकडं. तरी त्या संध्याकाळी संयोगिता घरी परतली ती लेकीला परमुलखात टाकून आल्यासारखी.

क्रांतीचं काम सांगायला सोपं आहे. जर्मनीतली एक कंपनी इथल्या फौंड्रीतून यंत्रांचे भाग ओतून घेते. भागाचं जुनं ड्रॉइंग आणि सुधारलेलं ड्रॉइंग शेजारी शेजारी ठेवायचं आणि काय बदललंय ते एकेक माप बघत शोधायचं. कुठं भोक मोठं झालं, कुठं कड जाड झाली. त्यातलं एक निसटलं तर अख्खा लॉट भंगारात जातो. हे ती घरूनच करत होती, एका छोट्या लॅपटॉपवर, एक चित्र झाकून दुसरं उघडत. मानेला पट्टा लागला तेव्हा तिनं ठरवलं, आता नीट व्यवस्था करायची.

आणि क्रांतीनं ठरवलं म्हणजे ते तपासून ठरवलेलं असायचं. सातवीत असताना कंपास घ्यायला नेलं, तर तिनं दुकानाच्या काउंटरवरच वर्तुळ काढून बघितलं. रेघेची दोन टोकं जुळली नाहीत. "हा नको." चौथा कंपास जुळला तेव्हाच ती हलली. दुकानदार हात जोडून म्हणाला होता, "ताई, हिला साडीच्या दुकानात तेवढं नेऊ नका."

मॉनिटरचंही तेच. दोन साधे घ्यावेत की एकच लांबरुंद, यावर तिनं पंधरा दिवस घातले. शेवटी आपली ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन राजारामपुरीतल्या एका दुकानात गेली आणि दोन्हींवर तासतासभर काम करून बघितलं. रुंद पडदा वाईट नव्हता. मधे फट नाही, वायर एकच. पण मीटिंगमध्ये तो अख्खा पडदा दाखवायचा झाला की पलीकडच्या माणसाच्या लॅपटॉपवर सगळं मुंगीएवढं दिसायचं. दोन वेगळे असले तर एक समोरच्याला दाखवायचा, एक आपल्यापुरता ठेवायचा. तिनं दोन सांगितले. मधल्या खोलीतलं टेबल पुसून ठेवलं.

पण आणायला गेला तिचा नवरा, उदयसिंह. आणि या घरात कुठलीही वस्तू आणायला एकटा माणूस जात नाही. गाडी असो, फ्रिज असो, पेठेतली चार पोरं बरोबर लागतात, आणि बरोबर गेली की मत देतात. त्यातला कृष्णात म्हणाला, "दोन डबडी ठेवून काय सायबर कॅफे काढायचा हाय व्हय?" उरलेल्यांनी मान डोलावली. संध्याकाळी घरात चौतीस इंची एकच रुंद, वाकडा पडदा आला. एवढी वस्तू आत ठेवून कोण बघणार, म्हणून सोप्यात, दाराच्या समोर बसला. क्रांतीच्या सासूबाईंनी, आक्कांनी, नारळ फोडला.

मंगळवारी संयोगिता सहज म्हणून गेली तर सोपा भरलेला. पेठेच्या फुटबॉल टीमची मॅच चालू होती. गंमत म्हणजे मॅच त्या पडद्यावर पुरतसुद्धा नव्हती, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि चित्र मधोमध. जमिनीवर भडंगाची परात. कृष्णात भडंगाच्या तेलकट बोटानं पडद्यावरच टिचक्या मारत होता.

"ह्यो बघ, ह्यो! ऑफसाईड न्हाय ह्यो!"

"आरं पंच आंधळा हाय."

"आंधळा असूदे की. उदयबाच्या पडद्यावर आंधळ्यालाबी दिसंल!"

लेक ज्या काचेवर मिलिमीटर शोधणार, तिच्यावर तिखटाचे आणि तेलाचे ठसे. एकानं पाय लांब करून टाच थेट की-बोर्डाजवळ टेकवली होती.

"या मामी, या!" सासूला बघून उदयसिंह उठला, जागा करून दिली. मनानं वाईट नाही तो. त्याच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता. "क्रांतीसाठी आणलाय. कसा हाय?"

"छान आहे की," संयोगिता म्हणाली. आक्कांनी पुढं केलेली भडंगाची वाटी घेतली आणि खाल्लीसुद्धा. खाताना वर बघितलं तर जिन्यातून क्रांती तिच्याकडंच बघत होती. मग लेकीनं मान पुन्हा खाली घातली.

त्या तेलकट बोटांची शिसारी संयोगिताला आलीच होती. पण घरी येऊन चूळ भरली तरी जाईना ती स्वतःच्या त्या तीन शब्दांची.

शुक्रवारी दुपारी क्रांतीचा फोन आला. जिन्यात बसून तपासलेल्या एका ड्रॉइंगमध्ये भोकाचं माप चौदाचं सोळा झालेलं निसटलं होतं. फौंड्रीनं वेळेत पकडलं म्हणून वाचली. पण कंपनीनं कळवलं, पुन्हा असं झालं तर तपासणी दुसऱ्याकडं देऊ.

"तू उदयसिंहांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, मॅच काय रोज असतीय व्हय? आक्का म्हणाल्या, दुपारी उरकत जा. जर्मनीला कसं सांगू, दुपारी उरका म्हणून?"

"दुकानदार बदलून देईल का?"

"उद्यापर्यंत देतो. पण खोकं जसंच्या तसं लागतं."

"आहे?"

"कॉटखाली आहे. थर्माकोल, पिशव्या, सगळं." क्रांती थांबली. "आई, पण तू मधे पडू नकोस. परत माहेरचं नाव निघेल."

फोन ठेवला तरी संयोगिताच्या डोक्यातून ते खोकं जाईना. लेकीनं वस्तू पत्करली असती तर पिशव्यांसकट खोकं कशाला जपलं असतं?

जावयाला फोन करायचा तो सणाला बोलवायला, नाहीतर तब्येत विचारायला. संयोगिताची आई तशीच वागली, तीही तशीच वागत आली. चुकलं तर लेकीला ऐकावं लागतं, म्हणून सगळ्या आया "छान आहे की" म्हणतात आणि वाटी घेतात. या शहाणपणाचा तिला आता वीट आला. आक्कांना फोन करावा असं क्षणभर वाटलं. तेही आडवळणच झालं असतं.

पहिलं वाक्य तिनं मनात दोनदा म्हणून बघितलं: उदयसिंहराव, मंगळवारी मी छान म्हणाले, ते खोटं म्हणाले. उद्या तो पडदा परत न्या आणि तिनं मागितले होते ते दोन आणा; आणायला तिला घेऊन जा, पोरांना नको.

तिसऱ्यांदा म्हटलं तर आवाज कापेल, म्हणून तिनं नंबर लावला.